लँडलाइन-फायबरचं बिल: वाचायचं कसं, भरायचं कसं आणि चुकतं कुठे

बिल वेळेवर भरूनही फोन बंद झाला, एकाच महिन्याचे पैसे दोनदा गेले, पैसे भलत्याच खात्यात जमा झाले. घरच्या फोनच्या बाबतीत या तीन तक्रारी सतत ऐकू येतात आणि बहुतेक वेळा मूळ एकच असतं: बिल न उघडता ॲपमध्ये दिसलेली रक्कम भरून टाकलेली असते. ॲप रक्कम दाखवतं, ती कशाची आहे हे सांगत नाही. ते फक्त बिलात कळतं.

इथे उदाहरणाला बीएसएनएलचं घरगुती बिल घेतलं आहे, कारण मुंबईचा एमटीएनएलचा पट्टा सोडला तर महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरच्या जुन्या लँडलाइन बहुतेक त्यांच्याच. तुमची कंपनी दुसरी असेल तर बिलाची मांडणी वेगळी दिसेल, पण रकाने साधारण हेच असतात आणि क्रमही हाच ठेवा.

टप्पा १: बिल हातात घेण्याआधीची तयारी

मागची तीन बिलं आणि ती भरल्याच्या पावत्या एका जागी काढा. पीडीएफ असतील तर मोबाइलमध्ये एक वेगळा फोल्डर करा. एका बिलावरून फार काही कळत नाही. मागच्या बिलाशेजारी ठेवलं की फरक लगेच दिसतो.

मग तीन नंबर एका कागदावर लिहून ठेवा. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

फोन नंबर: एसटीडी कोडसह. पुण्याचा ०२० आणि पुढे आठ आकडे, नागपूरचा ०७१२ आणि पुढे सात, साताऱ्याचा ०२१६२ आणि पुढे सहा. कोड लहान असला की नंबर मोठा, कोड मोठा असला की नंबर लहान.

खाते क्रमांक: बिलावर 'अकाउंट नंबर' म्हणून छापलेला असतो. तो दर महिन्याला तोच राहतो. भरणा याच क्रमांकावर जमा होतो.

बिल क्रमांक: म्हणजे इन्व्हॉइस नंबर. हा दर महिन्याला बदलतो. खाते क्रमांक समजून हाच टाकला की ॲप 'बिल सापडलं नाही' म्हणतं आणि माणूस समजतो की या महिन्याचं बिलच आलेलं नाही. मुदत अशीच टळून जाते.

तपासा: सुरुवातीचा शून्य धरून फोन नंबर बरोबर अकरा आकडी भरला पाहिजे. दहाच भरत असेल तर शून्य राहिला आहे किंवा एखादा आकडा गळला आहे. काही ॲप शून्यासकट नंबर मागतात, काही शून्याशिवाय. चौकटीखाली नमुना दिलेला असतो, तो बघून टाका.

आता ई-बिलाचं. कागदी बिल येणं जवळपास थांबलं आहे आणि बिल नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर जातं. तो मोबाइल कुणाचा आहे? कित्येक घरांत तो मुलाने कॉलेजात असताना घेतलेला, आता बंद झालेला नंबर असतो. आई-बाबा गावी, मुलगा बंगळुरूला किंवा दुबईला, आणि बिलाचा एसएमएस कुणाकडेच जात नाही. बाकी काही करण्याआधी ग्राहक सेवा केंद्रात किंवा सेल्फकेअर ॲपवर चालू मोबाइल आणि ईमेल नोंदवून घ्या.

कनेक्शन दिवंगत व्यक्तीच्या नावावर असेल तर तेही आत्ताच निस्तरा. बिल कुणीही भरू शकतं, त्यामुळे वर्षानुवर्षं काही अडत नाही. पण अनामत परत मागायची वेळ आली, नंबर दुसरीकडे हलवायचा झाला किंवा तक्रार अपिलापर्यंत गेली की नाव आडवं येतं. मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र आणि इतर वारसांची संमती घेऊन केंद्रात नावबदलाचा अर्ज देता येतो. घरात सगळे भेटतात त्या सणासुदीला हे काम उरकून घेणं सोपं पडतं.

टप्पा २: बिल नक्की कोणत्या कनेक्शनचं आहे?

तांब्याच्या तारेवरचा फोन बदलून फायबर घेतलेल्यांनी हा टप्पा दोनदा वाचावा.

फायबर आलं की नेट आणि फोन यांचं मिळून एकच बिल येऊ लागतं. पण जुनं कनेक्शन रीतसर बंद करून किंवा बदलून घेतलं नसेल, तर जुनं खातं जिवंतच राहतं आणि त्यावर भाडं चढत जातं. कधी फोन नंबर तोच राहतो आणि खाते क्रमांक मात्र नवा मिळतो. इकडे तुमच्या ॲपमध्ये जुनं खातं 'घरचा फोन' या नावाने साठवलेलं असतं. तुम्ही दर महिन्याला निष्ठेने त्याच खात्यात पैसे भरता, तिथे आगाऊ रक्कम साठत जाते, आणि नवं कनेक्शन थकबाकीपायी बंद होतं.

हे टाळायचं तर नव्या कनेक्शनच्या पहिल्या बिलावरचा खाते क्रमांक आणि ॲपमध्ये साठवलेला क्रमांक आकड्याला आकडा लावून बघा. वेगळे असतील तर ॲपमधली जुनी नोंद आधी काढून टाका, ऑटो-पे असेल तर तेही रद्द करा, आणि मगच नवी नोंद करा. जुनं खातं बंद करण्याचा अर्ज दिला असेल तर त्याची पोच जपून ठेवा.

सावधान: बऱ्याच गावांत आणि सोसायट्यांत फायबरची जोडणी स्थानिक भागीदारामार्फत होते, बहुतेक वेळा आपला केबलवालाच. दुरुस्तीसाठी त्याला फोन करणं ठीक. बिलाचे पैसे मात्र त्याच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर टाकू नका. रोख दिलेच तर खाते क्रमांक असलेली कंपनीची पावती तिथल्या तिथे घ्या. 'उद्या भरतो' म्हणून घेतलेल्या पैशांचा कोणताही पुरावा तुमच्या हाती राहत नाही.

टप्पा ३: आधी तारखा वाचा

बिलावर तीन तारखा असतात: बिल तयार झाल्याची, बिलाच्या कालावधीची (कुठून कुठपर्यंत) आणि भरण्याच्या शेवटच्या दिवसाची. पहिली तारीख सगळे सोडून देतात, पण खरी कामाची तीच. त्या दिवसापर्यंत जे पैसे जमा झाले तेवढेच या बिलात दिसतात. नंतर भरलेले पुढच्या बिलात येतात.

पहिलं बिल नेहमीच्या भाड्याशी जुळत नाही म्हणून घाबरू नका. महिन्याच्या मध्यात कनेक्शन लागलं असेल तर त्या उरलेल्या दिवसांचं भाडं प्रमाणात लागतं, शिवाय जोडणीचा एकरकमी आकार त्यातच असू शकतो. प्लॅन मध्येच बदलला तरी असंच होतं: काही दिवस जुना दर, काही दिवस नवा. भाड्याच्या ओळीसमोर कालावधी छापलेला असतो, तो वाचला की हिशोब लागतो.

टप्पा ४: मागचा हिशोब मिटला आहे का ते बघा

बिलाच्या सारांशात साधारण या क्रमाने रकाने येतात: मागील बाकी, मिळालेली रक्कम, समायोजन, चालू आकार, एकूण देय. बहुतेक जण थेट शेवटच्या रकान्यावर जातात. तुम्ही पहिल्या तिघांपाशी थांबा.

समजा, मागच्या महिन्याचं बिल ४७०.८२ रुपये होतं. तुम्ही ते ३ तारखेला रात्री भरलंत. नवं बिल त्याच सुमारास तयार झालं आणि तुमचा भरणा अजून खात्यावर चढलेला नव्हता. मग नव्या बिलात मागील बाकी ४७०.८२, मिळालेली रक्कम शून्य, चालू आकार ४८७.३४ आणि एकूण देय ९५८.१६ रुपये दिसणार. ॲपसुद्धा बऱ्याचदा हाच मोठा आकडा पुढे करतं. इथे डोळे झाकून भरलं की ४७० रुपये दुसऱ्यांदा जातात.

अशा वेळी पावतीवरची तारीख बिलाच्या तारखेशी ताडून बघा. नंतर दोन-तीन दिवस थांबून ॲपमध्ये बिल पुन्हा मागवा. भरणा चढला असेल तर आकडा कमी झालेला दिसेल. रक्कम बदलण्याची सोय असेल तर फक्त चालू आकार भरा. दोनदा गेलेच, तर ते बुडत नाहीत, पुढच्या बिलात उणे बाकी म्हणून वळते होतात. पण ती उणे बाकी खरंच आली का, हे तुम्हीच बघायचं आहे.

समायोजनाच्या रकान्यात तुम्हाला मिळालेली सूट किंवा परतावा येतो. फोन बंद असल्याबद्दल भाड्यात मिळणारी सवलतही इथेच शोधायची. लँडलाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त व्हायला हवा, असा दूरसंचार नियामक ट्रायचा निकष आहे आणि दुरुस्ती त्यापलीकडे लांबली तर भाड्यात सवलत द्यायची असते. पण त्यासाठी बिघाडाची नोंद हवी. लाइनमन ओळखीचा असतो, आपण त्यालाच थेट फोन लावतो, तोही बिचारा सवडीने येऊन जातो. कंपनीच्या दफ्तरी मात्र तुमचा फोन त्या काळात चालूच असतो. लाइनमनला जरूर सांगा, पण त्याआधी कंपनीच्या १९८ या तक्रार नंबरवर किंवा ॲपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या.

टप्पा ५: चालू आकार, ओळीओळीने

वरच्या उदाहरणातले ४८७.३४ रुपये कुठून आले ते उलगडून बघू.

मासिक भाडे ३९९.००
वापर आकार २४.००
ई-बिल सवलत उणे १०.००
करपात्र रक्कम ४१३.००
सीजीएसटी ९ टक्के ३७.१७
एसजीएसटी ९ टक्के ३७.१७
एकूण ४८७.३४

भाडे: जाहिरातीतली प्लॅनची किंमत बहुधा कर सोडून असते. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. म्हणजे ३९९ च्या प्लॅनचे हातातून ४७०.८२ रुपये जातात. 'प्लॅन ३९९ चा आणि बिल ४७१ चं, कंपनी लुबाडते' ही तक्रार करण्याआधी एवढा गुणाकार करून बघा.

वापर आकार: बहुतेक प्लॅनमध्ये देशातले फोन अमर्याद असतात, त्यामुळे ही ओळ शून्य असायला हवी. नसेल तर तिथेच थांबा. नेहमीची कारणं दोन: परदेशी लावलेले फोन आणि १८६० ने सुरू होणारे ग्राहक सेवा क्रमांक. १८०० चे क्रमांक मोफत असतात, १८६० चे नसतात, आणि बँकेच्या कामासाठी अर्धा तास ताटकळताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलचा तपशील मागवून नंबर आणि वेळ पाहा. परदेशात कुणी नसेल तर आयएसडीची सोय बंदच करून घ्या. मुलं परदेशात असतील तरी आता बहुतेक बोलणं व्हॉट्सॲपवर होतं.

एकरकमी आकार आणि इतर आकार: जोडणी, मोडेम, मोडेमचं भाडं, जागाबदल. मोडेम तुम्ही विकत घेतला असेल आणि तरी त्याचं भाडं लागत असेल, तर खरेदीची पावती दाखवून ते थांबवून घ्या. ही ओळ छोटी असते, म्हणून वर्षानुवर्षं तशीच चालू राहते.

लेट फी: मागचं बिल वेळेत भरूनही ती लागली असेल तर पावतीची तारीख दाखवून रद्द करून मागता येते.

तपासा: भाडे, वापर आणि इतर आकार यांची बेरीज करा, सवलत वजा करा, उरलेल्या रकमेचे १८ टक्के काढा. ते दोन्ही करांच्या बेरजेशी जुळलं पाहिजे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे एका मिनिटात होतं.

टप्पा ६: भरणा

कुठून भरायचं याचे पर्याय भरपूर आहेत: कंपनीचं संकेतस्थळ किंवा ॲप, बँकेचं ॲप, यूपीआय ॲप, ग्राहक सेवा केंद्र. कुठूनही भरा, क्रम मात्र हा ठेवा.

पहिलं, बरोबर वर्ग निवडा. ॲपमध्ये 'मोबाइल रिचार्ज', 'लँडलाइन' आणि 'ब्रॉडबँड' वेगवेगळे असतात. लँडलाइनमध्ये बीएसएनएलच्या नावापुढे 'इंडिव्हिज्युअल' आणि 'कॉर्पोरेट' असे दोन पर्याय येतात. घरच्या फोनला इंडिव्हिज्युअल.

दुसरं, फोन नंबर आणि खाते क्रमांक कागदावरून टाका, आठवणीतून नको.

तिसरं, पडद्यावर ग्राहकाचं नाव येतं ते वाचा. एक आकडा चुकला तर दुसऱ्याचं बिल उघडतं आणि त्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवणं फार जिकिरीचं असतं. नाव अर्धवट दिसत असेल तर निदान रक्कम आणि बिलाची तारीख तुमच्या पीडीएफशी जुळते का ते बघा.

चौथं, पैसे पाठवा आणि पावतीवरचा व्यवहार क्रमांक साठवा.

सावधान: पैसे कापले गेले पण 'प्रलंबित' दिसत असेल तर लगेच पुन्हा भरू नका. भारत बिल पेमेंट या ॲप आणि कंपन्यांना जोडणाऱ्या यंत्रणेमार्फत झालेला व्यवहार एक तर कंपनीपर्यंत पोहोचतो, नाही तर पैसे खात्यात परत येतात. थांबायला दिवस हाताशी असावेत म्हणूनच शेवटच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी भरायचं. अडकलेल्या व्यवहाराची तक्रार ज्या ॲपमधून पैसे भरले तिथेच, व्यवहार क्रमांकासह नोंदवा. फोन कंपनीकडे ते पैसे पोहोचलेलेच नसतात, तिथे भांडून उपयोग नाही.

चेकने भरणाऱ्यांनी बिलावर छापलेल्या नावानेच चेक काढावा, तो अकाउंट पेयी करावा आणि मागे फोन नंबर व खाते क्रमांक लिहावा. शेवटच्या दिवशी चेक देऊ नका. तो वटायला वेळ लागतो, आणि परत आला तर त्याचा दंड वेगळा.

ऑटो-पे सोयीचं आहे, विशेषतः आई-बाबांचं बिल दुरून भरणाऱ्यांसाठी. कापणीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या सूचनेतली रक्कम नेहमीपेक्षा जास्त दिसली तर कापणी होण्याआधी बिल उघडा. मंजुरी देताना वरची मर्यादाही नेहमीच्या बिलाच्या थोडीच पुढे ठेवा.

आणखी एक, आणि हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा. 'तुमचा फोन दोन तासांत बंद होणार आहे, नऊ दाबा' असे फोन ट्रायच्या किंवा दूरसंचार विभागाच्या नावाने येतात. ते भामट्यांचे असतात. ट्राय कुणाचाही फोन तोडण्यासाठी असा फोन करत नाही. एसएमएसमधल्या लिंकवरून बिल भरायचं नाही. नेहमीचं ॲप स्वतः उघडून बघायचं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा, तिथे पहिल्या काही तासांना फार किंमत आहे.

टप्पा ७: भरल्यानंतर

तीन दिवसांनी बिल पुन्हा मागवा. बाकी शून्य दिसली तर झालं. नसेल तर पावती घेऊन लगेच विचारणा करा, पुढच्या बिलाची वाट बघू नका. थकबाकी राहिली की आधी बाहेर जाणारे फोन बंद होतात, मग येणारेही, आणि शेवटी कनेक्शन कायमचं तुटतं. घरातल्या फोनवरून कुणी फोन करतच नसेल, तर पहिली पायरी कळतही नाही. म्हणून महिन्यातून एकदा लँडलाइनवरून स्वतःच्या मोबाइलला फोन लावून बघा. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावा लागतो. तो न लावल्यामुळे फोन लागला नाही म्हणून 'लाइन कापली' समजू नका.

टप्पा ८: बिल चुकीचं असेल तर

तक्रार शेवटच्या तारखेच्या आधी करा. १९८ वर, १८००-४४४४ वर किंवा ॲपवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. काउंटरवर गेलात तर लेखी अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का व तारीख घ्या. अर्जात 'बिल फार आलं' असं मोघम लिहू नका. कोणत्या बिलातली कोणती ओळ, किती रकमेची, आणि ती का मान्य नाही, एवढंच लिहा.

संपूर्ण बिल अडवून धरणं ही इथली मोठी चूक. वाद २,००० रुपयांच्या कॉलचा असतो आणि बिल न भरल्याने नेटसकट सगळं बंद होतं. वादातली रक्कम बाजूला ठेवून उरलेलं भरता यावं म्हणून 'स्प्लिट बिल' मागा. काउंटरवर हाच शब्द वापरा, लगेच कळतं.

बिलाच्या तक्रारीचा निकाल चार आठवड्यांत लागायला हवा. लागला नाही किंवा पटला नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही, पण पहिल्या तक्रारीचा क्रमांक नसेल तर अपील घेतलंच जात नाही. ट्रायला थेट पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. फोनचे वाद तिथे चालत नाहीत असं अजूनही काही जण सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते चालतात हे स्पष्ट केलं आहे. जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

टप्पा ९: कनेक्शन बंद करताना

बिल भरणं थांबवलं म्हणजे कनेक्शन बंद झालं, असं होत नाही. फोन कापला जाईपर्यंतचं भाडं थकबाकी म्हणून तुमच्याच नावावर राहतं. लेखी अर्ज द्या, मोडेम कंपनीचा असेल तर परत करून पावती घ्या, अंतिम बिल मागून ते भरा आणि अनामत परत मागा. घर काही महिन्यांसाठीच बंद राहणार असेल आणि नंबर गमवायचा नसेल, तर 'सेफ कस्टडी'ची सोय आहे का आणि त्या काळात काय आकार लागेल, हे केंद्रात विचारून लेखी घ्या.

अनामतीचा आकडा जुन्या बिलावर छापलेला असतो. ती ४५ दिवसांत परत मिळायला हवी. अर्जासोबत रद्द केलेला चेक जोडा, आणि तो बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्याचा असू द्या.